जागल

दिवाळीच्या फराळाचा डबा तळाला गेला की उंबरदऱ्यातली माणसं दोन प्रकारची होतात, जाणारी आणि निजणारी. जाणारी बालाघाटाचा डोंगर उतरून कृष्णाकाठच्या उसाच्या फडांत जातात. निजणारी गावातच, शाळेच्या इमारतीत रांगेनं निजतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे उठतात. पूर्वी एक तिसरा प्रकारही होता, मागं राहणाऱ्यांचा. त्यात म्हातारीकोतारी असत, शाळेतली पोरं असत, एखादी ओली बाळंतीण असे. तो प्रकार आता उरलेला नाही.

सत्वशीला जाणाऱ्यांतली. घरात तिला सगळे सत्वा म्हणत. तिचा नवरा परमेश्वर आणि ती मिळून एक कोयता. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयताच म्हणतात, माणसं मोजायची पद्धत नाही. ऊस तोडणारी यंत्रं केव्हाच आली होती, पण लहान तुकड्यांत आणि ओल्या रानात ती रुतून बसत. माणूस रुतत नाही, निदान रुतला तरी ओरडत नाही, म्हणून कोयते अजून लागत होते. सासू गंगासागरबाई निजणाऱ्यांतली. आणि आठ वर्षांची रेणू कशातली, हा प्रश्न त्या दुपारपर्यंत कुणाला पडलाच नव्हता. ती दरसाल आईबापाबरोबर फडावर जायची.

दुपारी शहाजी मुकादम आला. मुकादमकी आता पहिल्यासारखी राहिली नाही. गळ्यात ऊसतोड कंपनीचं कार्ड, हातात काचेची पाटी. पण बोलण्यातला मध तोच होता. पारावर बसून त्यानं आधी पाणी मागितलं, सगळ्यांच्या गुराढोरांची चौकशी केली आणि मग सांगून टाकलं.

"यंदापासून फडावर लेकरं न्यायची न्हाईत. वरून कायदा आलाय. सहा वर्सांच्या पुढची समदी निजघरात."

बायका एकदम बोलायला लागल्या.

"लेकरं निजवायची?" सत्वानं विचारलं. "म्हाताऱ्या मानसांसारखी?"

"अगं, लेकराला तर अजून सोपं. डॉक्टरच म्हनायलेत. एक टोचणी, की पोरगं पाडव्याला उठून भाकर मागतंय. ना थंडी, ना साप, ना ट्रॅक्टरचं भ्याव."

शेवटचं वाक्य त्यानं सत्वाकडं बघून म्हटलं. त्याला कारण होतं. गेल्या हंगामात भल्या पहाटे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, म्हणजे वाढ्याच्या ढिगावर गोधडी घेऊन निजलेली रेणू मागे येणाऱ्या ट्रॅक्टरखाली सापडता सापडता वाचली होती. ड्रायव्हरला गोधडीचा लाल काठ दिसला म्हणून.

निजेचं हे औषध काही उंबरदऱ्यासाठी शोधलेलं नव्हतं. थंड मुलखातली काही जनावरं हिवाळाभर बिळात पडून राहतात. खात नाहीत, पीत नाहीत, त्यांचं काळीज मिनिटाला चार-सहा ठोक्यांवर येतं आणि वसंतात ती अंग झटकून उठतात. शास्त्रज्ञांना बरीच वर्षं कोडं होतं, की हे त्यांना जमतं आणि माणसाला का जमत नाही. मग मेंदूच्या बुडाशी पेशींचा एक लहानसा पुंजका सापडला. अंग किती गरम ठेवायचं हे तो पुंजका ठरवतो. माणसातही तो असतो, फक्त त्याला गारठ्यात उतरायची सवय मोडलेली असते. औषध त्याला ती जुनी सवय आठवून देतं. अंग हळूहळू थंड होतं, श्वास मंदावतो, पोट मागणं सोडून देतं. चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवावा, तसा जीव झाकून ठेवता येतो. आधी हे अवघड शस्त्रक्रियांसाठी वापरलं गेलं, मग अंतराळात लांब जाणाऱ्यांसाठी. तिथून ते ऊसतोडीत कसं आलं याचं कुणाला नवल वाटलं नाही. ज्याला माणूस सहा महिने बाजूला ठेवायचा असतो, त्याला तो ठेवायची जागा सापडतेच.

कंपनीचं गणित सरळ होतं. गावात म्हातारी जागी असली की ती आजारी पडते, मग लेक हंगाम अर्धा टाकून पळतो. म्हातारी निजली की कोयता पाडव्यापर्यंत हलत नाही. म्हणून करारातच आलं, की घरातलं मागं राहणारं माणूस निजवलं तरच कोयता घेतला जाईल. आणि लोकांनाही सुरुवातीला बरंच वाटलं. आईच्या भाकरीची काळजी नाही, औषधपाण्याची काळजी नाही. जाताना पोटात जो खड्डा पडायचा तो बुजला. गंगासागरबाई तर म्हणाली होती, "बरं झालं बाई, तेवढंच आयुष्य वाचलं."

वाचलेलं आयुष्य कुठं जमा होतं ते मात्र कुणालाच सापडलं नाही. म्हातारी माणसं निजली म्हणून मागं राहणाऱ्या पोरांना सांभाळायला कुणी उरलं नाही. पोरं फडावर जायला लागली, म्हणून शाळा ओस पडली. शाळा ओस पडली म्हणून तिथंच निजघर झालं. हंगामात गावचे नळ बंद, वीज फक्त निजघराला. माकडांनी घरांचे पत्रे उचकटले. आणि येळवस बंद पडली. मार्गशीर्षातल्या अवसेला ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, घालायची, आंबील आणि भज्जी करून वावरातच जेवायचं, सांजेला पेटता चुडा, म्हणजे काडांची मशाल, घेऊन पोरांनी पिकाभोवती पळायचं. हा सण ऐन हंगामात येतो. तो करायचे मागं राहणारेच. जाणाऱ्यांच्या वाट्याला तो कधीच नव्हता, आता निजणाऱ्यांच्याही राहिला नाही.

एक वर्ष मात्र येळवस झाली होती, आणि ती एकट्या गंगासागरबाईनं केली होती. तो किस्सा गावाला पाठ आहे.

निजघराचं ते पहिलंच वर्ष. निजायच्या आधी तोंड स्वच्छ करून तंबाखू थुंकायचा, असं सगळ्यांना बजावलं होतं. गंगासागरबाईला मिश्री लावल्याशिवाय झोप येत नसे. तंबाखू तव्यावर काळाकुट्ट भाजायचा, कुटायचा आणि त्याची चिमूट हिरडीला लावून बसायचं, ही तिची न्हाणवलीपासूनची सवय. तिनं साधा विचार केला, की एवढं सहा महिने झोपायचं, तर झोप नीट लागायला नको का? म्हणून आठवणीनं दोन बोटं जास्त मिश्री ओठाखाली दाबली आणि हात छातीवर ठेवून पडून राहिली. तंबाखूतलं निकोटिन जागेपणाच्या पेशींना डिवचत राहतं. औषध ओढत होतं खाली, मिश्री ओढत होती वर. पहिल्या रात्री अंगानं जो उंबरठा ओलांडायचा असतो तिथंच ते अडखळलं. आठवडाभर गुंगीत राहून म्हातारी उठून बसली आणि तिनं चहा मागितला.

पुन्हा औषध देता येईना. एकदा परतलेलं अंग त्याच हंगामात पुन्हा उतरवलं तर काळजाला झेपत नाही. लेक-सून केव्हाच गेलेली. मग गंगासागरबाईनं तो हिवाळा गावात एकटीनं काढला. विहिरीवरून पाणी आणलं, बंद घरांपुढं अवसेला दिवे लावले, गोफणीनं माकडं हाणली. परत आल्यावर सत्वानं विचारलं, एवढे दिवस काय केलं? तर म्हणाली, "जागल." पिकाची राखण करायला रात्री वावरात बसतात, तिला आमच्याकडं जागल म्हणतात. तिनं सगळ्या गावाची केली होती.

त्या वर्षापासून नियम झाला, की निजणाऱ्याचं तोंड घरच्या माणसानं स्वतःच्या हातानं धुवायचं आणि सिस्टरला सांगायचं, झालं म्हणून. त्यातून कुणी पुन्हा उठलं तर तो घरच्यांचा दोष. अशा घरचा कोयता मग कुठलाच मुकादम घेत नाही. नियमाची रीत व्हायला वेळ लागत नाही. आता लोक त्याला तोंडधुणं म्हणतात, सुना त्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसतात आणि काहीजणी रडतातही.

मुकादम गेल्यावर सत्वाच्या घरी कुणाला जेवण गोड लागलं नाही.

"निजली तर निदान जगंल," परमेश्वर म्हणाला. तो बोलायला कमी आणि खरं बोलणारा गडी, म्हणून त्याच्याशी भांडणं अवघड जायचं. "तो ट्रॅक्टर मला अजून सपनात दिसतोय सत्वा."

"मला न्हाई का दिसत? पर ती निजली की वाढत न्हाई. पलीकडच्या चिंचोलीत हा कायदा आधीच आला, दोन साल झाले लेकरं निजवायलेत. तिथं माझ्या मावसबहिणीची थोरली आणि धाकटी आता एका मापाच्या झाल्यात. धाकटी सहाच्या आत होती, फडावर गेली, वाढली. थोरली हाय तिथंच. मोठी बहीण कोन ते आता धाकटीच सांगती."

"मग काय करू? कोयता सोडू? इथं काय खायचं, खडक?"

परमेश्वर बैलगाडीचं जू उगाच तपासत बसला. बैलगाडी जाऊन ट्रक आले तरी ते जू अजून दारात होतं.

रेणूचं दुःख वेगळंच होतं. तिचा वरचा दात हलत होता. दिवसभर ती जिभेनं तो मागंपुढं करायची.

"आई, मी निजल्यावर हा पडंल का गं?"

"न्हाई बाळा. निजल्यावर काहीच होत न्हाई. नखंसुद्धा वाढत न्हाईत."

"मंजी पाडव्यापर्यंत हलतच ऱ्हायचा?"

"हलायचा बी न्हाई. तसाच थांबायचा."

रेणूनं थोडा विचार केला. "मग मला त्येच्यासंगं थांबायला लागंल," ती म्हणाली आणि खेळायला गेली. सत्वा मात्र परातीतलं पीठ मळता मळता थांबली. आपली पोर थांबायला लागणार आहे, सहा महिने, दरसाल, आणि आपण ऊस तोडत असू, हे तिला इतकं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं. तिला भयंकर राग आला. कुणाचा ते ठरवता येईना, म्हणून तिनं पिठाला चार बुक्क्या जास्त मारल्या.

सासूसुनेचं तसं फार सख्य नव्हतं. सत्वा तिला आत्याबाई म्हणायची, गंगासागरबाई तिला बहुतेक वेळा काहीच म्हणायची नाही. मीठ जास्त झालं, झाडलोट उशिरा झाली, एवढ्यापुरतं बोलणं. त्यात म्हातारी वर्षाचे सहाच महिने जागी, त्यामुळं भांडणंही अर्धवट राहायची. दिवाळीत सुरू झालेलं भांडण निजेत जायचं आणि पाडव्याला उठल्यावर म्हातारी नेमकं तिथूनच पुढं सुरू करायची, कारण तिच्या हिशेबी ते कालचंच असायचं.

त्या संध्याकाळी म्हातारी अंगणात चूल पेटवून तंबाखू भाजत बसली होती. धुरानं सत्वाला ठसका लागला.

"आता कशाला भाजायलात? आठ दिसांत निजायचं तुमाला."

"आठ दीस लावायची का न्हाई?" म्हातारी म्हणाली. मग बराच वेळ ती उलथन्यानं तंबाखू हलवत राहिली. "सत्वा, मी न्हाईच निजले तर?"

"तर आपला कोयता घेनार न्हाईत. ठावं हाय की तुमाला."

"हं."

"पोरीला सांभाळाल म्हनून म्हनताव ना? मला कळतंय. पर मुकादम ऐकनार न्हाई. समद्यांच्या म्हाताऱ्या मग हेच म्हनतील."

"हं," म्हातारी पुन्हा म्हणाली. "त्या साली येळवस केली मी. एकटीनंच. कोप घातली, आंबील केली. सांजेला चुडा पेटवला आन हातात धरून हुबी ऱ्हायले. पळायला कोन? माझं गुडघं असलं. मग बांधावर खोचला. तिथंच जळून गेला."

ती हे रडून सांगत नव्हती. पण तवा उतरवायचं तिला भान राहिलं नाही, तो सत्वानं उतरवला. सत्वाच्या लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि सासूची कीव येण्याची ही पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी निजघराच्या नाझिया सिस्टर तपासणीला आल्या. आसपासच्या चार गावांची निजघरं त्यांच्याकडं होती. स्कूटरवरून फिरायच्या, माणसांशी मायेनं बोलायच्या आणि निजलेल्यांशीही बोलायच्या, ही त्यांची सवय सगळ्यांना माहीत होती. त्यांनी रेणूच्या मनगटात पट्टा बसवला. गंगासागरबाईच्या हातात जुना होताच. काळजाचे ठोके त्या पट्ट्यातून घरच्यांच्या फोनवर दिसत.

"लेकराला भ्यायचं कारण नाही," सिस्टर म्हणाल्या. "मधे उठवायचं झालं तर औषध बंद केलं की दीड-दोन दिवसांत आपोआप वर येतं."

"मधे कशाला उठवत्यात?" गंगासागरबाईनं विचारलं.

"आजारपण आलं तर. नाहीतर कायद्यानं. मूल कुणी सांभाळणारं नाही म्हणूनच निजवायचं असतं ना, आजी? गावात घरचं जाणतं माणूस जागं असेल, तर त्याला मूल मागता येतं. द्यावंच लागतं." सिस्टर हसल्या. "पण इथं जागं असतं कोण, मी आणि माकडं."

म्हातारीनं मान हलवली आणि दुसरंच काही विचारलं, विहिरीला पाणी किती टिकेल, असलं काहीतरी. सत्वाच्या डोक्यात तेव्हा दहा कामं होती. मीठमिरची बांधायची, कोयत्यांना धार लावायची, शेळी बहिणीकडं पोचवायची. ऐकलेलं तिनं मनात ठेवलं नाही, किंवा ठेवलं ते तिला कळलं नाही.

निजायचा दिवस उजाडला. ट्रक पारापाशी येऊन उभे राहिले. निजघरात, म्हणजे पूर्वीच्या तिसरीच्या वर्गात, रेणूला पलंगावर निजवलं. भिंतीवर अजून बाराखडी होती. सत्वानं पोरीचं तोंड धुतलं, तोंडावरून हात फिरवला. रेणू हलणारा दात जिभेनं ढकलून दाखवत हसली. टोचणीनंतर थोड्या वेळानं जीभ थांबली. परमेश्वर बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

मग गंगासागरबाईची पाळी. सत्वा तांब्या आणि गुळणीचं भांडं घेऊन तिच्यापाशी बसली. म्हातारी डोळे मिटून पडली होती, ओठ घट्ट दाबून.

"आ करा, आत्याबाई."

म्हातारीनं तोंड उघडलं नाही. सत्वा तोंडाजवळ वाकली आणि तिला वास आला. भाजलेल्या तंबाखूचा, कडवट, दहा वर्षं रोज ज्याच्या नावानं तिनं बोटं मोडली तो वास. तिनं बोटानं सासूचा खालचा ओठ जरासा ओढला. हिरडीवर मिश्रीचा जाड काळा थर होता. दोन बोटं नव्हे, चांगली चार बोटं मिश्री दाबून म्हातारी पडली होती.

म्हातारीनं डोळे उघडले. बोलणार कशी, तोंड भरलेलं. फक्त बघत राहिली. त्या बघण्यात आर्जव नव्हतं. मीठ जास्त झालं की जशी बघायची तशीच बघत होती, तू काय करतेस ते बघू, असं.

सत्वाला सगळं एकदम कळलं. सिस्टरचं बोलणं, विहिरीच्या पाण्याची चौकशी, अंगणातला धूर. आणि त्याबरोबर हेही कळलं, की उद्या हे उघड झालं तर दोष तिच्या हाताचा. पुढच्या साली कोयता नाही, कुठंच नाही. शिवाय म्हातारीचं वय. त्या वर्षी निभावलं, यंदा गारठ्यात पाय घसरून पडली तर उचलायला कोण? परमेश्वराला काय सांगायचं, की तुझ्या आईला मी जागं ठेवून आले? शेजारच्या पलंगावर रेणू निजली होती. दात पुढं आलेला, ओठ किंचित उघडे, थांबलेली.

"झालं का गं सत्वशीला?" नाझिया सिस्टरांनी दारातून विचारलं.

सत्वानं सासूचा ओठ अलगद सोडला. पदराच्या टोकानं तिचं तोंड बाहेरून पुसलं. मग तांब्यातलं पाणी भांड्यात ओतून दिलं, गुळणी झाल्यासारखं.

"झालं, सिस्टर. धुतलंय."

गंगासागरबाईनं डोळे मिटले. टोचणी देताना तिनं सत्वाचं मनगट धरलं होतं. सोडवून घेताना सत्वाला कळलं, की म्हातारीच्या हातात अजून बरंच बळ आहे.

ट्रकमध्ये बसल्यापासून सत्वाला चैन पडेना. घाट उतरताना, फडावर पाचटाची खोपी उभी करताना, पहिल्या दिवसाचा ऊस तोडताना, सारखा हात कमरेच्या फोनकडं जायचा. फोनवर दोन आकडे असत. रेणूचा आकडा दोनच दिवसांत खाली गेला, पार आठावर जाऊन बसला. म्हातारीचा उतरत होता, पण अडखळत. कधी वीस, कधी तीस, पुन्हा वीस. सत्वाला वाटायचं, मिश्री कमी पडली. मग वाटायचं, जास्त झाली आणि आता मरते म्हातारी. रात्री दर कुशीला ती फोन बघायची. परमेश्वर विचारायचा, काय बघायलीस? ती म्हणायची, काही न्हाई.

मग एका सकाळी म्हातारीचा आकडा बहात्तर झाला आणि तिथंच थांबला. दुपारी शहाजी मुकादम मोटारसायकल फडात घालून थेट त्यांच्यापुढं आला. आज त्याच्या बोलण्यात मध नव्हता.

"परमेश्वर, तुझी म्हातारी उठली! तोंड कुनी धुतलं व्हतं?"

"मी," सत्वा म्हणाली.

"नीट धुतलं व्हतं?"

"नीट धुतलं व्हतं. वयानं अंग घेत नसंल औषध. मी काय डॉक्टर हाय?"

"आन वर पोरगी मागायली म्हातारी! कायदा सांगायली सिस्टरला! ह्या बाईला कायदा कुनी शिकवला?"

सत्वानं कोयता उचलला आणि पुढचा ऊस बुडातून तोडला. मुकादम तिच्याकडं बघत राहिला. ऐन हंगामात एक कोयता घालवायचा म्हणजे त्याचंच नुकसान, आणि हातात पुरावा काही नव्हता. "पुढच्या साली बघतो तुमच्याकडं," एवढं म्हणून तो गेला.

परमेश्वर उसाला टेकून उभा होता.

"आई एकटी हाय तिथं," तो म्हणाला. आणि मग, "सत्वा, तुला मिश्रीचा वास बारा कोसांवरून येतो."

"व्हय."

"मग?"

"आला व्हता," सत्वा म्हणाली.

तिला वाटलं आता तो ओरडेल, कदाचित हात उगारेल. तसं झालं असतं तर तिला सोपं गेलं असतं. पण तो नुसता खाली बसला आणि पाचट मुठीत चुरगाळत राहिला. त्या रात्री आणि पुढं कितीतरी रात्री ते दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलले. त्यानं स्वतःच्या फोनवरही ते दोन आकडे लावून घेतले. पहाटे थंडी पडली की तो आईचा आकडा बघायचा आणि तो दिसेपर्यंत चहा घ्यायचा नाही. पुढच्या साली काय, हा प्रश्न दोघांच्या मध्ये गोधडीसारखा पडलेला असायचा, आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं.

रेणूचा आकडा मात्र आठावरच होता. मागणी, मंजुरी, वरच्या साहेबाची सही, असं काय काय चाललं होतं म्हणे. सत्वाला वाटायचं, सगळं वाया गेलं. पोर निजलेलीच राहणार आणि म्हातारी उगाच गारठ्यात एकटी. आपण एकीला सोडवायला गेलो आणि दुसरीलाही अडकवलं.

मार्गशीर्ष सरत आला. एका दुपारी ऊन डोक्यावर असताना आकडा हलला. आठाचे बारा झाले, बारांचे वीस. सत्वानं मोळी टाकली आणि फोन दोन्ही हातांत धरला. दुसऱ्या दिवशी तो पंचाऐंशी झाला, आणि दात पडला असेल का, एवढंच तिच्या मनात आलं. तिनं परमेश्वराला फोन दाखवला. त्यानं बराच वेळ बघितलं आणि परत दिला, पण त्या संध्याकाळी पाणी त्यानं आणलं.

चार-सहा दिवस गेले असतील. दिवस बुडायला आला होता, गाडी भरायची घाई होती. सत्वाचा हात सवयीनं फोनकडं गेला आणि ती किंचाळलीच.

"अहो! पोरीचं बघा! दीडशे झालंय!"

परमेश्वर मोळी फेकून धावत आला. आकडा वरच चालला होता. औषध बाधलं, काळीज फुटणार पोरीचं, मीच केलं हे, ती बडबडत होती. ती सिस्टरला फोन लावायला लागली.

"थांब," परमेश्वर म्हणाला. "आईचा आकडा बघ."

आईचा आकडाही चढत होता. पोरीच्या मागं मागं, जरा दमानं, एकशे दहा, एकशे वीस.

परमेश्वरानं मान वर करून आभाळाकडं बघितलं. चंद्र कुठंच नव्हता. शेजारच्या खोपीतली बाई कालच म्हणाली होती, अवस आली, आमच्याकडं घरी आंबील करतात या दिवशी.

"सत्वा," तो म्हणाला, "आज येळवस हाय."

सत्वा फोनकडं बघत राहिली. डोंगरावरच्या वावरात आता अंधार पडत असेल. ज्वारीत कोप असेल, त्या दोघींनीच घातलेली. आणि पेटता चुडा हातात घेऊन रेणू पिकाभोवती पळत होती. पळत होती, म्हणून आकडा चढत होता. थांबली नव्हती.

तिला रडू आलं, आणि तिनं ते आवरलं नाही.

परमेश्वर तिच्या खांद्यावरून आकड्याकडं बघत होता. कितीतरी दिवसांनी तो हसला.

"आईला गुडघं हायेत," तो म्हणाला. "जरा दमानं पळ म्हनावं."